चव्वेचाळीस माणसांचं घर

सहा बसगाड्या येनीदेरेच्या वेशीवर आल्या तेव्हा नुकतं फटफटलं होतं. वेशीवर पाटी होती: ‘येनीदेरे. लोकसंख्या २००४.’ पहिल्या गाडीत पुढच्याच सीटवर बसलेल्या गुलिझारमावशीनं ती मोठ्यानं वाचली आणि मागं वळून म्हणाली, “आपापल्या शेजारच्याला चाचपून बघा रे. चौदा तासांत पाच जण जरी गळाले असतील तरी आमच्या शुक्र्याची नगरपालिका बुडाली.”

गाडीत हशा पिकला. हसणारे बहुतेक सगळे सरकारी कागदांनुसार येनीदेरेतच राहत होते. प्रत्यक्षात त्यांची तीस-पस्तीस वर्षं इस्तंबूलला, उम्रानियेच्या चढावर गेली होती.

ही भानगड दर डिसेंबरातली. वर्षअखेरीला सरकार माणसं मोजतं, आणि ज्याचा पत्ता जिथं, तिथला तो. आकडा दोन हजारांच्या खाली गेला की नगरपालिका मोडीत निघते, गावाचं खेडं होतं, आणि नगराध्यक्ष शुक्रू तोपाल यांचा नुसता शुक्रू होतो. म्हणून नाताळाच्या सुमारास शुक्रूमामाचा इस्तंबूलच्या येनीदेरेकर मंडळाला फोन यायचा. मंडळाची अध्यक्ष म्हणजे मामाची थोरली बहीण गुलिझार. ती चारशे जणांचे पत्ते गावाला हलवायची आणि जानेवारीत गुपचूप परत आणायची. पक्षी येतात-जातात तसंच, फक्त हंगाम उलटा.

यंदा मामा म्हणाला, “तपासणी यायची आहे. फेब्रुवारी संपेस्तोवर कुणी हलू नका.” फेब्रुवारीत घटनाबदलावर सार्वमत जाहीर झालं. मतदारयाद्या भिंतीवर लागल्या आणि उतरल्या. येनीदेरेत त्या वाचायला कुणी गेलं नाही, कारण गावातल्यांना आपण गावात आहोत हे ठाऊक होतं आणि आम्हाला आपण गावात नाही हे ठाऊक होतं. तपासणी काही आली नाही. आमची मतं मात्र चौदा तासांच्या अंतरावर अडकून पडली.

दुसरा कुणी कपाळाला हात लावून बसला असता. मामानं त्यातूनही लोणी काढायचं ठरवलं. सत्ताधारी पक्षाचे जिल्हाध्यक्ष जेमिलसाहेब यांना त्यानं शब्द देऊन टाकला: येनीदेरेतून शंभरात पंच्याण्णव ‘होय’. एकदा ते आले की पुढच्या वेळचं तिकीट त्याच्या खिशात. एक शंका तेवढी त्याला कुरतडत होती. आम्ही शहराचं पाणी प्यायलेली माणसं, आमचा काय भरवसा? त्यावरही त्यानं तोड काढली. तालुक्याच्या एका ओळखीच्या कारकुनाला धरून इस्तंबूलची सगळी नावं चौथ्या पेटीत घालून घेतली. पहिल्या तीन पेट्या गावच्या, चौथी आमची. दूध नासलं तर कुठल्या भांड्यातलं ते जेमिलसाहेबांना लांबूनही दिसावं, एवढाच हेतू.

मामाच्या तीन खोल्यांच्या घरात त्या दिवशी कागदोपत्री चव्वेचाळीस माणसं राहत होती. त्यातली दोन खरी, मामा आणि झेलिहामामी. उरलेल्या बेचाळिसांत मीही एक.

मामाचा बेत असा होता की गाड्या थेट शाळेपाशी थांबतील, आम्ही शिक्के मारू आणि पालिकेच्या मंडपात डबाबंद रस पिऊन परत फिरू. पण गुलिझारमावशी गाडीतून उतरली आणि गुडघे चोळत तिनं जाहीर केलं, “ज्याला त्याला आपला पत्ता ठाऊक आहे ना? मग घरी चला. तोंडं धुऊन जाऊ.”

झेलिहामामी दारात उभी होती. तिला धक्का बसला नाही. तीन दिवसांपूर्वीच तिनं नवऱ्याला म्हटलं होतं, “हे सगळे माझ्याकडं येतील.” मामा म्हणाला होता, “छे, कशाला येतील?” त्यानंतर ती न बोलता डोंगरावर गेली, दोन गोण्या मादिमाकचा रानपाला खुडून आणला, निवडला, चिरला, पीठ मळलं, आणि शेजारच्या नाजियेकडून चहाचे पेले उसने आणले. बूट काढायला जागा पुरेना. बेचाळीस जोड उंबऱ्यापासून अंगणातल्या नळापर्यंत गेले.

“ही माझी खोली का गं मामी?” कुणीतरी विचारलं.

“तुझी, आणि आणखी तेरा जणांची. आळीपाळीनं बसा.”

गुलिझारमावशी मादिमाकची भाजी ताटात घेऊन खिडकीशी बसली आणि पहिल्याच घासाला तिचे डोळे भरून आले. “इस्तंबूलला मिळतो गं बाजारात, पण त्याला चव कुठली? हे गाव असंच राहायला हवं बघ. असंच. काही म्हणजे काही बदलायला नको.”

“वन्सं,” झेलिहामामी पोळी उलटत म्हणाली, “गेल्या वर्षी तो नळ आत स्वयंपाकघरात घ्यायचा म्हणत होते. तोही नको का?”

मावशीला ते ऐकूच गेलं नाही. रडताना तिला कमी ऐकू येतं, हे आमच्यात सगळ्यांना ठाऊक आहे.

मावशीची मुलगी नालान स्वयंपाकघरात शिरली. ती इस्तंबूलमध्ये जन्मलेली, शाळेत इतिहास शिकवते आणि घरीही तास संपला असं मानत नाही. ती ‘नाही’वाली आहे हे सगळ्या गाडीला ठाऊक होतं, कारण चौदा तासांपैकी नऊ तास तीच बोलत होती. गाडीत कुणी बधलं नाही, म्हणून आता तिला मामी सापडली.

“मामी, तुला माहिती आहे का नक्की कशावर मत द्यायचं आहे? अठरा कलमं आहेत.”

“अठरा?” मामीनं टोपलीकडं बोट दाखवलं. “मग अठरा कांदे घे. एकेका कलमाला एक चीर.”

“चेष्टा नको गं. तुझ्यासारख्या बायकांनी समजून घेतलं पाहिजे. गावात ‘होय’शिवाय दुसरं काही पडत नाही, ते का? कुणी समजावून सांगतच नाही.”

“माझ्यासारख्या म्हणजे?”

नालान अडखळली. “म्हणजे… ज्यांच्यापर्यंत माहिती पोचत नाही अशा.”

“हां,” मामी म्हणाली. “बारीक चीर. जाड चिरलेला माझ्यापर्यंत पोचत नाही.”

इतक्यात मामीचा फोन वाजला. तिनं हात पुसून तो साखरेच्या डब्याला टेकवला. पडद्यावर तिची मुलगी हाजेर आणि हाजेरच्या मांडीवर पाच महिन्यांचं बाळ. हाजेर उम्रानियेत कपड्यांच्या कारखान्यात शिवणाला आहे. आमच्या सगळ्या खानदानात तिनं एकटीनं बापाचं न ऐकता जानेवारीतच पत्ता परत नेला होता, म्हणून ती आज घरी चहा पीत बसू शकली. नातवाला मामीनं आजवर फक्त ह्या काचेतूनच पाहिलं होतं.

“आई, काय ठरलं?”

“आज अजून विचारलं नाही.”

“मंगळवारी मला हजर व्हायचं आहे. नाही झाले तर मशीन दुसरीला देणार. पाळणाघरात जागा मिळेपर्यंत दोन महिने बाळाला कुणाजवळ ठेवू? तू येणार असशील तर ये, नाहीतर मी नोकरी सोडते म्हणून कळवून टाकते. रोज ‘बघू’ म्हणू नकोस, एवढंच.”

“येते म्हटलं तर तुझे बाबा…”

“बाबांना मी विचारत नाहीये. तुला विचारतेय.”

मामीनं पडद्यावरच्या बाळाच्या गालावर बोट ठेवलं. बोटाला पीठ होतं. पडदा पांढरा झाला.

नालान कांदा चिरायची थांबली. “मामी, तू जात का नाहीस? दोन महिन्यांचाच तर प्रश्न आहे.”

“नगराध्यक्षाची बायको आहे ना मी. ते लोकांना सांगतात, गाव सोडू नका. मग मीच कशी सोडू?” मामी हे अगदी साध्या आवाजात म्हणाली. पाठ झालेला धडा म्हणून दाखवावा तशी. “तीन वेळा विचारलं त्यांना. पहिल्यांदा म्हणाले थंडी आहे. मग म्हणाले तपासणी आहे. मग सार्वमत. आता काय निघतं बघायचं.”

अंगणात मामा आमची डोकी मोजत हिंडत होता. नवा कोट, छातीला बिल्ला, आणि चेहऱ्यावर मुलीच्या लग्नात असतं तसं हसू. नालान खिडकीत दिसली तसा तो गुलिझारमावशीला बाजूला घेऊन गेला. बाजूला म्हणजे बुटांच्या रांगेच्या टोकाशी, जिथं आम्हा बाराजणांना स्पष्ट ऐकू येत होतं.

“ताई, नालानला बरं नाही म्हणतात.”

“कोण म्हणतं?”

“प्रवासानं पोटबिट बिघडलं असेल. पडू दे तिला जरा. चारपर्यंत.”

“शुक्र्या, तिचं पोट तुझ्यापेक्षा धड आहे. एका पोरीच्या एका मताला घाबरतोस?”

“मी घाबरत नाही. पण तुमच्याकडचं वारं वेगळं. तुम्ही तिकडं समुद्रकाठी राहता…”

“समुद्र!” मावशी कडाडली. “अरे, पस्तीस वर्षांत मी समुद्र पाहिला तो कुणाकुणाची लग्नं जहाजावर लागली म्हणून! उम्रानियेला समुद्र नाही, चढ आहे. तिथं आमच्या गल्लीत आपलेच लोक, दुकानात आपलंच चीज, मशिदीत आपलाच इमाम. येनीदेरे खरं जर कुठं शिल्लक असेल तर ते माझ्या गल्लीत आहे. इथं तुम्ही सगळे मेले दिवसभर टीव्ही बघता.”

मामा वरमला. लहानपणी हिनंच त्याला पाठीवर घेऊन शाळेत पोचवलं होतं, आणि त्या पाठीवरून तो अजून नीटसा उतरलेला नाही.

“तसं नाही गं ताई. जेमिलसाहेबांना शब्द दिलाय.”

“मग मीही देते. चौथी पेटी माझी. नालान आणि तिच्यासारखी दहा-बारा टाळकी सोड, बाकी सगळ्यांचं ‘होय’ माझ्याकडं लागलं. पण फुकट नाही.” मावशीनं खिडकीकडं हनुवटी उडवली. “झेलिहाला दोन महिने हाजेरकडं सोड. आजच, ह्याच गाडीनं.”

“ताई, ते कसं…”

“नाहीतर मी आता गाडीत जाऊन म्हणते, शुक्रू आपल्याला परका समजतो, वेगळ्या पेटीत घालतो. मग बघ तुझे पंच्याण्णव.”

मामानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. बाराजण दात कोरत होते. मग आपण पुढारी आहोत हे त्याच्या लक्षात आलं. त्यानं आवाज चढवला आणि खिडकीकडं तोंड करून सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं म्हणाला, “झेलिहा! ऐकतेस का? आज गावातून पंच्याण्णव आले ना, तर मी स्वतः तुला गाडीत बसवून देतो! दोन महिने! शब्द!”

अंगणात टाळ्या पडल्या. मावशीनं आतल्या आत स्वतःची पाठ थोपटली. नालाननं मामीकडं पाहिलं. तिला वाटलं मामी हसेल, निदान चेहरा खुलेल. मामीनं पोळी तव्यावरून काढली, दुसरी टाकली आणि विचारलं, “आणि नाही आले तर?”

“येणार! येणार!” मामा म्हणाला आणि पुढची डोकी मोजायला गेला.

नालान हळूच म्हणाली, “मामी, आता तू ‘होय’च दे बाई. मी काही बोलत नाही.”

आमच्या घराण्यातल्या तत्त्वनिष्ठ माणसांचं हे असं आहे. नऊ तास टिकतात.

शाळा गावच्या मधोमध आहे. चार वर्ग, चार पेट्या, एक लांबट व्हरांडा. मामीनं आम्हाला वाढून, पेले विसळून, डोक्याला बांधलेला जुना रुमाल बदलून, दुपारी दोनच्या सुमारास नाजियेबरोबर पहिल्या वर्गात पाऊल टाकलं. ओळखपत्र दिलं, कागद, लिफाफा आणि शिक्का घेतला, पडद्याआड गेली.

पुढचं तिनं पुष्कळ नंतर मला सांगितलं. तिनं कागद उलगडला. अर्धा पांढरा, अर्धा तपकिरी. पांढऱ्यावर ‘होय’, तपकिरीवर ‘नाही’. मामी प्रश्न शोधू लागली. नालाननं अठरा कलमं म्हटलं होतं, निदान एखादं तरी कागदावर असेल. तिनं कागद उलटा केला. मागं काही नव्हतं. परत सुलटा केला. उजेडाकडं धरला. प्रश्न कुठंच नव्हता, नुसती दोन उत्तरं होती.

“झालं का बाई?” बाहेरून विचारलं.

“वाचतेय,” मामी म्हणाली. बाहेर कुणीतरी हसलं, कारण वाचायला होतं काय?

बत्तीस वर्षांत आपल्याला कुणी विचारलं होतं का ह्याचा ती हिशेब करू लागली. लग्नाच्या वेळी विचारलं होतं, पण तेव्हा आजूबाजूला साठ माणसं उत्तर ऐकायला बसली होती. गच्चीवर पत्रे घालायचे का, मेंढ्या विकायच्या का, पोरीला सोळाव्या वर्षी मामेबहिणीकडं इस्तंबूलला धाडायचं का, आणि आपल्या घरात बेचाळीस माणसं राहायला आणायची का, ह्यांतलं काही नाही. आणि इथं पडदा होता. कुणी बघत नव्हतं. तिनं शिक्का मारला, कागद दुमडला, लिफाफा चिकटवला आणि बाहेर येऊन नाजियेला म्हणाली, “चांगली सोय आहे गं.”

नाजिये तिच्यानंतर पडद्याआड गेली आणि तीही वाजवीपेक्षा जास्त वेळ आत राहिली.

चार वाजता पेट्या बंद झाल्या आणि मोजणी सुरू झाली. येनीदेरेत मोजणी बघायला सगळे जातात. लग्न आणि मोजणी ह्या दोन गोष्टींना आमंत्रण लागत नाही. प्रत्येक वर्गात एकजण कागद उलगडून उंच धरतो, मोठ्यानं ओरडतो, दुसरा फळ्यावर रेघ मारतो. मामा व्हरांड्यात मधोमध खुर्ची टाकून बसला होता, म्हणजे चारी वर्गांचे आवाज त्याला ऐकू यावेत. जेमिलसाहेब फोनवर होते.

चौथ्या वर्गातून आवाज आला, “होय! होय! होय! होय!”

“ऐकलंत का साहेब? ही शहरवाल्यांची पेटी. हीच जर अशी…”

पहिल्या वर्गातून आवाज आला, “नाही! होय! नाही! नाही!”

मामा हसला. “कुणीतरी भलत्या वर्गात ओरडतंय,” तो फोनमध्ये म्हणाला.

मग दुसऱ्या वर्गातून ‘नाही’ आलं, तिसऱ्यातून दोन ‘होय’ आणि चार ‘नाही’, आणि चौथ्यातून नुसतं ‘होय, होय’ चाललेलं. मामानं खुर्ची फिरवून पाहिली. त्यानं काही फरक पडला नाही.

चौथ्या वर्गात नालान फळ्यापुढं उभी होती आणि तिचा चेहरा एकेका रेघेगणिक उतरत होता. तिच्या मनातला नकाशा असा होता की शहर एका बाजूला, गाव दुसऱ्या बाजूला, आणि मधल्या चौदा तासांच्या रस्त्यावर माणूस हळूहळू सुधारत जातो. तिनं भावांकडं, आत्येबहिणींकडं, मंडळाच्या खजिनदाराकडं पाहिलं. सगळे निवांत होते. ती खजिनदाराला म्हणाली, “तुम्ही तरी? तुमचा मुलगा बेकार आहे, गल्ली तोडायला निघाले आहेत…”

“मत गावासाठी होतं ना गं,” खजिनदार म्हणाला. “गावात येऊन ‘नाही’ कसं म्हणायचं? बरं दिसतं का?”

आकडे फळ्यावर पूर्ण झाले. चौथी पेटी: दोनशे सत्त्याऐंशी ‘होय’, अकरा ‘नाही’. गावच्या तीन पेट्या मिळून: चारशे दोन ‘होय’, चारशे पंचावन्न ‘नाही’.

फोनमधून जेमिलसाहेबांचा आवाज सगळ्या व्हरांड्यानं ऐकला. “शुक्रूभाऊ, चौथी पेटी सोन्यासारखी. शाबास. आता ह्या पहिल्या तीन कुणाच्या ते सांगा.”

“साहेब,” मामा म्हणाला, “त्या… आमच्याच.”

“आमच्याच म्हणजे?”

“इथंच राहतात ते, साहेब.”

फोन बंद झाला. मामा उठला आणि समोर जो सापडला त्याला धरलं. तो पावभट्टीवाला कादिर होता, सत्तरीचा, आयुष्यात कधी सरकारच्या विरोधात शिंकलेलाही नव्हता.

“कादिरकाका, तुम्ही काय दिलंत?”

“मत गुप्त असतं बाबा.”

“काका!”

“‘नाही’ दिलं. त्यात काय एवढं?”

“अहो, पण का? घटनेत काय खुपलं तुम्हाला?”

“घटनेशी माझं कसलं भांडण? माझ्या गल्लीचा दिवा तीन वर्षं बंद आहे. तुला सांगितलं की म्हणतोस, गावात दोन हजार माणसं आहेत, एकेकाचं ऐकायचं तर कसं. अरे, कुठं आहेत दोन हजार? मी रोज साडेचारशे पाव भाजतो, त्यातले शंभर उरतात. मला नको सांगू.”

मामानं दुसऱ्याला विचारलं नाही. शहाणपण त्याच्याकडं उशिरा येतं, पण येतं.

सहा वाजता गाड्या सुरू झाल्या. गुलिझारमावशी विजयी मुद्रेनं पुढच्या सीटवर बसली होती. तिनं शब्द पाळला होता, आणि तिच्या मते बाकी गावानं तिच्या गावाचं नाक कापलं होतं. “तीस वर्षं लांब राहून आम्ही जपलं,” ती म्हणत होती, “आणि ह्यांना इथं बसून जपता आलं नाही.” कुणीच तिला उलट बोललं नाही. चौदा तास तिच्याबरोबर काढायचे होते.

तेवढ्यात झेलिहामामी आली. अंगात कोट, हातात बांधलेलं गाठोडं आणि एक पिशवी, पिशवीतून मादिमाकची हिरवी पानं डोकावत होती. मामा गाडीच्या दारात उभा होता. तिला पाहून तो आधी हसला, कारण त्याला वाटलं ती हाजेरसाठी भाजी पाठवायला आली.

“दे इकडं, ताईजवळ देतो.”

“मी नेते. मीच चाललेय.”

“कुठं?”

“हाजेरकडं. परवा मंगळवार.”

मामाचा चेहरा बदलला. सकाळपासून त्याला कुणीतरी खाली पाहायला लावलं होतं; आता एक माणूस असं मिळालं होतं जे त्याच्याहून खाली उभं होतं. “पंच्याण्णव आले का?” त्यानं विचारलं. “मी काय म्हणालो होतो? सगळ्यांसमोर म्हणालो होतो. आले का पंच्याण्णव?”

“नाही आले.”

“मग?”

“मला माहिती आहे नाही आले ते. पहिल्या पेटीतल्या ‘नाही’त माझंही एक आहे.”

मागच्या सीटवर कुणीतरी शेंगदाण्याची पुडी सोडत होतं, ते थांबलं. नालान जागेवरून अर्धी उठली.

“तू?” मामा म्हणाला. “अगं, तुझ्याच जाण्याचा सौदा होता! ‘होय’ दिलं असतंस तर…”

“सौदा तुम्ही आणि वन्सं दोघांत झाला. मला कुठं विचारलंत?” मामीनं गाठोडं दुसऱ्या हातात घेतलं. आवाज चढवला नाही. “त्या कागदावर प्रश्न नव्हता अहो. मी उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. नुसतं होय आणि नाही. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला विचारलं, आणि तेही पडदा लावून. मग मी खरं ते सांगून टाकलं.”

मामानं तोंड उघडलं. आम्ही सगळे वाट पाहत होतो. माणूस आता ओरडेल, रडेल, हात धरेल, निदान नातवाचं नाव काढेल. आणि त्याच्या तोंडून निघालं, “आणि पत्ता?”

मला अजून वाटतं की त्याला तसं म्हणायचं नव्हतं. पण म्हणाला.

मामीनं त्याच्याकडं पाहिलं. मला तिचा राग दिसला असता तर बरं वाटलं असतं. तिच्या चेहऱ्यावर दया होती. “राहू दे तो इथंच,” ती म्हणाली. “डिसेंबरात लागेल तुम्हाला.” आणि ती त्याच्या बाजूनं पायरी चढली. गुलिझारमावशीनं एक क्षण भावाकडं पाहिलं, एक क्षण भावजयीकडं, आणि मग मंडळाच्या अध्यक्षाला शोभेल अशा चपळाईनं बाजू बदलली. “सरका रे,” ती म्हणाली, “नगराध्यक्षीणबाईंना खिडकी द्या.”

गाडी वेशीवर आली. पाटीवर अजून २००४ होतं.

अर्ध्या तासानं मावशीचा फोन वाजला. तिनं तो सगळ्यांना ऐकू यावा म्हणून लाउडवर टाकला. ही तिची जुनी खोड.

“ताई,” मामाचा आवाज आला. मागं घर अगदी शांत होतं. “झेलिहाला विचार. चहाचा डबा कुठं ठेवते?”

मावशीनं फोन मामीच्या तोंडाशी धरला. मामी खिडकीबाहेर पाहत होती. उतारावर कुणाचीतरी मेंढरं घराकडं परतत होती.

“घरात चव्वेचाळीस माणसं राहतात ना,” ती म्हणाली. “त्यातल्या कुणालाही विचारा.”